छाप्यांच्या युद्धातून उघड्या युद्धात: जनरल स्टॅन्ली मॅकक्रिस्टल यांची कारकीर्द

स्टॅन्ली मॅकक्रिस्टल हे अमेरिकी लष्करातील चार तारे मिळवलेले जनरल. इराक युद्धाच्या सर्वांत रक्तरंजित काळात अमेरिकेच्या अतिगुप्त कमांडो दलांची सूत्रे त्यांच्या हाती होती. पुढे अफगाणिस्तानातील आंतरराष्ट्रीय फौजेचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले. ३४ वर्षांच्या नोकरीचा शेवट मात्र रणांगणावर झाला नाही. एका मासिकातील लेखामुळे त्यांना पायउतार व्हावे लागले.

त्यांचा जन्म १४ ऑगस्ट १९५४ रोजी कॅन्सस राज्यातल्या फोर्ट लेव्हनवर्थ या लष्करी ठाण्यात झाला. वडील हर्बर्ट मॅकक्रिस्टल मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचलेले होते. मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला, पण तिथे त्याचे नाव आदर्श छात्र म्हणून घेतले जात नसे. शिस्तभंगाबद्दल शंभराहून अधिक तासांच्या शिक्षा त्याने भोगल्या. १९७६ मध्ये तो सेकंड लेफ्टनंट होऊन बाहेर पडला आणि ८२ व्या हवाई छत्री डिव्हिजनमध्ये रुजू झाला. १९७९ मध्ये त्याने ‘ग्रीन बेरेट’ या विशेष दलाचे प्रशिक्षण पुरे केले.

कमांडो म्हटले की आपल्याकडे सगळे एकाच माळेचे मणी समजले जातात. अमेरिकेत तसे नाही. ग्रीन बेरेटचे मुख्य काम परक्या मुलुखातल्या स्थानिक फौजा उभ्या करणे आणि त्यांना लढायला शिकवणे. रेंजर म्हणजे झपाट्याने छापा घालणारे निवडक पायदळ. ओलिसांची सुटका आणि नेमक्या माणसाला पकडणे वा टिपणे हे डेल्टा फोर्स व नौदलाच्या सील टीम सिक्सचे काम. ही दले वेगवेगळ्या छत्रांखाली वाढली आणि एकमेकांकडे संशयानेच पाहत आली. त्याची किंमत एप्रिल १९८० मध्ये मोजावी लागली. तेहरानमधल्या ओलिसांना सोडवण्यासाठी निघालेली मोहीम इराणच्या वाळवंटातच अर्धवट सोडावी लागली आणि माघारी फिरताना हेलिकॉप्टर व विमानाची टक्कर होऊन आठ अमेरिकी सैनिक मेले. त्यानंतर छापे आणि ओलिसांच्या सुटकेसाठीच्या तुकड्यांना एका हुकमाखाली आणण्यासाठी संयुक्त विशेष कारवाई कमांड स्थापन झाली. याच संस्थेने पुढे मॅकक्रिस्टल यांना घडवले आणि त्यांनी या संस्थेला.

विशेष दलातला अधिकारी आयुष्यभर विशेष दलातच राहिला, तर तो वर चढत नाही. त्याला नेहमीच्या पायदळात परतावे लागते, मुख्यालयात टेबलाचे काम करावे लागते, शिकायला जावे लागते. मॅकक्रिस्टल यांच्या बदल्यांची यादी अशीच आहे: कोरियातली नेमणूक, यांत्रिक पायदळ, रेंजर, १९९१ च्या आखाती युद्धात संयुक्त कमांडचे मुख्यालय, मग पुन्हा ८२ वी डिव्हिजन. हा आडवळणाचा रस्ता वाया गेला नाही. दोन्हीकडची माणसे आणि दोन्हीकडची भाषा ठाऊक असलेला अधिकारी त्यातूनच तयार झाला.

८२ व्या डिव्हिजनमध्ये ते पलटणीचे प्रमुख असताना, २३ मार्च १९९४ रोजी, फोर्ट ब्रॅगशेजारच्या पोप हवाई तळावर दोन विमानांची हवेत टक्कर झाली. कोसळणारे लढाऊ विमान विमाने उभी करण्याच्या जागेवर आदळले आणि आगीचा लोळ उडीच्या सरावासाठी थांबलेल्या सैनिकांवर गेला. २४ जण दगावले, त्यांत अनेक मॅकक्रिस्टल यांच्या पलटणीचे होते. शांततेच्या काळात, आपल्याच तळावर, प्रमुखाला आपल्या पोरांच्या अंत्यविधींना जावे लागले.

१९९७ ते १९९९ ही दोन वर्षे ते ७५ व्या रेंजर रेजिमेंटचे कर्नल होते. या काळाबद्दल फारसे लिहिले जात नाही, पण खरे तर तो त्यांच्या सर्वांत भरीव कामांपैकी एक आहे. त्यांनी प्रशिक्षण चार गोष्टींवर आणून ठेवले: नेमबाजी, शारीरिक क्षमता, लहान तुकडीच्या लढाईचा सराव आणि प्रथमोपचार. यातला चौथा विषय महत्त्वाचा. जखमीला वाचवणे हे फक्त वैद्यकीय सहायकाचे काम, ही समजूत त्यांनी मोडून काढली. रक्तस्राव थांबवणारा पट्टा आवळणे आणि श्वासमार्ग मोकळा करणे प्रत्येक रेंजरला आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्या युद्धांत या रेजिमेंटमध्ये वाचवता येण्याजोगे मृत्यू फार कमी झाले आणि इतर पलटणींनी तिचा कित्ता गिरवला.

२००३ च्या अखेरीस ते संयुक्त विशेष कारवाई कमांडचे प्रमुख झाले. डिसेंबरमध्ये सद्दाम हुसेन पकडला गेला, पण इराक शांत होईना. अबू मुसाब अल-झरकावीची अल कायदा रोज बॉम्ब फोडत होती. अमेरिकी कमांडो जगातले सर्वोत्तम प्रशिक्षित, त्यांच्याकडे पैसा आणि यंत्रे हवी तेवढी, तरी ते मागेच पडत होते. मॅकक्रिस्टल यांना दोष सापडला तो धाडसात नव्हे, कागदपत्रांच्या पोत्यांत. छाप्यात हाती लागलेले फोन, वह्या, डिस्क पिशव्यांत कोंबून मागे पाठवल्या जात आणि तशाच पडून राहत. दार फोडणाऱ्याला त्यांतून काय निघाले ते कळत नसे. वाचणाऱ्याला त्या कुठे, कुणाच्या खिशात सापडल्या ते ठाऊक नसे. तोवर त्या घरातली खबर शिळी झालेली असे.

त्यांनी बगदादच्या उत्तरेला बलद हवाई तळावर मुख्यालय थाटले. तिथल्या मोठ्या खोलीत भिंतीभर पडदे होते आणि त्यांसमोर कमांडो, गुप्तवार्ता विश्लेषक, हवाई दलाचे आणि इतर सरकारी खात्यांचे लोक एकत्र बसत. रोज दीड तासाची दूरचित्र बैठक होई. सुरुवातीला मोजक्यांची असलेली ही बैठक पुढे वॉशिंग्टनपासून छोट्या ठाण्यांपर्यंतचे हजारो लोक ऐकू लागले. गुप्ततेवर पोसलेल्या संस्थेत हे धाडसाचेच होते, कारण बातमी फुटण्याची भीती खरी होती. बातमी दडवून ठेवल्याने होणारे नुकसान त्याहून मोठे आहे, असे त्यांचे गणित होते. दुसऱ्या खात्यांत संपर्क अधिकारी म्हणून ते आपली सर्वांत चांगली माणसे पाठवत. ज्याच्या जाण्याने आपली अडचण होत नाही, असा माणूस त्या कामाचा नव्हे, हा त्यांचा निकष होता.

कामाचे चक्र असे ठरले: शोधायचे, जागा पक्की करायची, छापा घालायचा, हाती लागलेले लगेच उलगडायचे, त्यावरून पुढचा पत्ता काढायचा. हे चक्र एका रात्रीत दोन-तीनदा फिरू लागले. ऑगस्ट २००४ मध्ये महिन्याला १८ छापे पडत होते. दोन वर्षांत तो आकडा ३०० वर गेला. झरकावीचा माग याच पद्धतीने निघाला. पकडलेल्या एका हस्तकाच्या चौकशीतून झरकावीच्या धार्मिक सल्लागाराचे नाव आले, सल्लागारावर ड्रोनमधून पाळत ठेवली गेली. ७ जून २००६ च्या संध्याकाळी सल्लागाराची वाट बकुबाजवळच्या हिबहिब गावातल्या एका घरापाशी संपली. एफ-१६ विमानाने त्या घरावर दोन बॉम्ब टाकले. त्यात झरकावी मारला गेला आणि त्याच रात्री बगदाद परिसरात १७ ठिकाणी छापे पडले.

याच काळात दोन डागही लागले. बगदाद विमानतळाजवळच्या ‘कॅम्प नामा’ या छावणीत या दलाने कैद्यांचा छळ केल्याचे उघड झाले. एप्रिल २००४ मध्ये फुटबॉलचे वैभव सोडून रेंजर झालेला पॅट टिलमन अफगाणिस्तानात आपल्याच सहकाऱ्यांच्या गोळीबारात मारला गेला. तो शत्रूशी लढताना पडला असे सूचित करणारी पदकाची शिफारस मॅकक्रिस्टल यांनी पुढे पाठवली. मृत्यूचे खरे कारण बाहेर आल्यास राष्ट्राध्यक्ष अडचणीत येतील, असा सावधगिरीचा संदेशही त्यांनी वरिष्ठांना धाडला होता. कुटुंबाला सत्य कळायला महिन्याहून अधिक काळ लागला. २००७ च्या चौकशीत त्या शिफारशीतील दिशाभूल करणाऱ्या मजकुराबद्दल त्यांना जबाबदार धरले गेले, तरी लष्कराने पुढे कारवाई केली नाही. त्यांच्या पराक्रमाचे मोजमाप करताना या दोन गोष्टी कंसात टाकता येणार नाहीत.

जून २००९ मध्ये चौथा तारा लागला आणि अफगाणिस्तानातील चाळीसहून अधिक देशांच्या फौजेची जबाबदारी आली. पाच वर्षे छाप्यांत घालवलेला हा माणूस इथे बंदूक आवरण्याची भाषा बोलू लागला, याचे अनेकांना नवल वाटले. त्यात विसंगती नव्हती. इराकमध्ये शत्रूचे एक जाळे तोडायचे होते. इथे लोकांनी सरकारच्या बाजूने उभे राहायला हवे होते, आणि प्रत्येक निरपराध मृत्यूमागे तालिबानला नवे हात मिळत होते. वस्तीवरच्या हवाई हल्ल्यांना त्यांनी जुलैमध्येच लगाम घातला. कुंदुझमधील सप्टेंबरच्या बॉम्बहल्ल्यात नागरिक मारले गेले तेव्हा ते स्वतः त्या जागी गेले. फेब्रुवारी २०१० मध्ये उरुझगान प्रांतात हवाई हल्ल्यात नागरिक मारले गेल्यावर दूरचित्रवाणीवरून अफगाण जनतेची माफीही मागितली. आपले हात बांधले गेले, अशी तक्रार सैनिक उघडपणे करत, आणि ती समजण्यासारखीच होती.

राजकारण मात्र त्यांना पेलले नाही. परिस्थितीचा त्यांचा गोपनीय अहवाल सप्टेंबर २००९ मध्ये वृत्तपत्रात फुटला. त्यांनी सुमारे ४०,००० जादा सैनिक मागितले होते. १ डिसेंबर २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ३०,००० मंजूर केले आणि जुलै २०११ पासून माघारीला सुरुवात होईल असेही जाहीर केले. फेब्रुवारी २०१० मध्ये मार्जा गाव जिंकले गेले, पण तिथे तयार सरकार आणून बसवण्याचा बेत फसला. कमांडो शत्रूला घराबाहेर काढू शकतात, तलाठी आणि न्यायाधीश आणू शकत नाहीत.

जून २०१० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकात मायकेल हेस्टिंग्ज या पत्रकाराचा लेख आला. त्यात जनरल आणि त्यांच्या सहायकांनी उपाध्यक्ष बायडेन यांच्यासह अनेकांची केलेली टिंगल छापली होती. विशेष दलांतल्या बंद खोलीत खपणारा मोकळेपणा पत्रकारासमोर तसाच चालू राहिला, ही चूक सेनापतीचीच. २३ जूनला मॅकक्रिस्टल यांनी व्हाइट हाउसमध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी जनरल डेव्हिड पेट्रेयस आले. २०११ मध्ये पेंटागॉनच्या चौकशीत नियमभंगाचा पुरेसा पुरावा मिळाला नाही, पण तोवर गणवेश उतरला होता. चार ताऱ्यांचा हुद्दा निवृत्तीतही कायम राहिला.

संयुक्त कमांडची सूत्रे त्यांच्यानंतर २००८ मध्येच ॲडमिरल विल्यम मॅकरेव्हन यांच्याकडे आली होती. मे २०११ मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये ओसामा बिन लादेनला ठार करणारी कारवाई याच कमांडने पार पाडली. मॅकक्रिस्टल येल विद्यापीठात नेतृत्व शिकवू लागले आणि त्यांनी सल्लागार कंपनी काढली. ‘माय शेअर ऑफ द टास्क’ हे आत्मचरित्र २०१३ मध्ये आले. २०१५ च्या ‘टीम ऑफ टीम्स’मध्ये बलदची कार्यपद्धती त्यांनी उद्योग आणि रुग्णालयांच्या उपयोगासाठी मांडली.