मेंदूची ऊर्जा आणि मेदाचा एक दुर्मीळ आनुवंशिक विकार

सक्करदरा येथील आपल्या रुग्णालयात ताप व उलट्यांनी बेजार झालेली बालके नित्य येतात. दोन दिवस अन्न गेले नाही तरी त्यांतील बहुतेक लवकरच खेळू लागतात. क्वचित एखाद्या बालकाला मात्र तेवढा उपासही प्राणघातक ठरू शकतो. यामागील कारण आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातलग यांच्यासमोर मांडीत आहोत.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर रक्तातील ग्लुकोज ही त्याची हाताशी असलेली रोकड आणि शरीरातील मेद ही मुदत ठेव. ही ठेव मेंदूला थेट वापरता येत नाही. उपास लांबला की यकृत मेदाम्लांपासून किटोन तयार करते व त्यावर मेंदूचे काम चालते. १९६७ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॉर्ज केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले.

'एमकॅड' न्यूनता या विकारात मध्यम लांबीची मेदाम्ले विघटित करणारे विकर जन्मतःच निकामी किंवा अपुरे असते. परिणामी साखर संपते, किटोनही पुरेसे तयार होत नाहीत आणि मेंदू दोन्हीकडून उपाशी राहतो. बालकास गुंगी येते, झटके येतात, प्रसंगी ते बेशुद्ध होते.

उपाय मात्र साधा आहे. निदान झालेल्या बालकास डॉक्टरांनी वयानुसार ठरविलेल्या अंतराने खाऊ घालावे. कोणत्याही कारणाने उपाशी ठेवू नये. आजारपणात अन्न टिकत नसेल अथवा मूल सुस्त वाटत असेल, तर साखरेचा आकडा ठीक दिसला तरी विलंब न लावता रुग्णालयात आणून शिरेतून ग्लुकोज सुरू करावे लागते.

आई व वडील दोघेही निरोगी वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून कुटुंबात पूर्वी एखादे बालक अकस्मात दगावले असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या काही थेंबांवरून हा विकार ओळखता येतो. गोवा राज्याने २००८ मध्ये नवजात बालकांच्या अशा चाचण्यांची योजना हाती घेतली होती. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ अन्वये मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्र आहे.

ग्लुकोजची बाटली अल्पमोली आहे. वेळेवर झालेले निदान मात्र अनमोल. आपल्या देणगीचा विनियोग अशा निदानासाठीही व्हावा, अशी आमची नम्र विनंती आहे.