परसबागेची ताटी: हलवता येणारे, परवडणारे कुंपण



आपल्यापैकी अनेक मंडळ्या पावसाळ्याआधी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांसाठी भाजीपाल्याचे बियाणे पाठवतात. त्याबद्दल देवाची स्तुती असो. या वेळी आम्ही बियाण्यासोबत बांबू, कोयते आणि बांधणीच्या तारेसाठीही मदत मागितली. बियाणे सोडून कुंपण कशाला, असे काही जणांनी विचारले. या लेखात त्याचे उत्तर देते. शिवाय आपल्या घरामागे चार हात मोकळी जागा असेल, तर आपल्यालाही हे कुंपण बांधता यावे म्हणून कृतीही सांगते.

पाड्यावरच्या घरात परसबाग म्हणजे माठ, अंबाडी, भेंडी, मिरची आणि एकदोन वेल भोपळ्याचे व कारल्याचे. भात-नागलीने पोट भरते, पण लहान मुलाच्या आणि गरोदर बाईच्या ताटात रोज हिरवे काही पडावे, तर ते याच तुकड्यातून येते. बाजार दूर असतो आणि लावणीच्या दिवसांत हातात पैसा नसतो. अशा वेळी शेजारची शेळी एका सकाळी सगळा वाफा खाऊन जाते. जे उरते ते कोंबड्या उकरतात. पुन्हा पेरायला बी नसते आणि मनही होत नाही. म्हणूनच पाड्यावरची एखादी बाई स्पष्ट सांगते, “ताई, बी मागून द्या, आधी वई द्या.” वई म्हणजे कुंपण.

शेळी बांधून ठेवा, असे सांगणे सोपे आहे. पण शेळी हीच त्या घराची शिल्लक. आजारपण आले, शाळेचा खर्च निघाला, की तीच विकली जाते. वाफ्यावरून दोन घरांत भांडण होते आणि बोलणे बंद होते, असेही घडते. भाजी आणि शेजार दोन्ही राखायचे असतील, तर कुंपण हवेच.

हलवता येणारे का?

याची तीन कारणे आहेत. पहिले, बागेची जागा ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून वाफे उंचवट्यावर करतात. हिवाळ्यात न्हाणीचे सांडपाणी जिथे जाते तिथेच भाजी जगते. दुसरे, दिवाळीनंतर बरीच कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. मागे राहिलेले कुंपण तोपर्यंत मोडते, वाळवी खाते किंवा कोणाच्या तरी चुलीत जाते. सुटे करून घरात ठेवता आले तर ते पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उभे राहते. तिसरे, अनेक कातकरी घरांखालची जमीन त्यांच्या नावावर नसते. दुसऱ्याच्या जमिनीत सिमेंटचे खांब रोवणार कसे?

काय निवडावे, काय टाळावे

काटेरी तारेला मजबूत खांब लागतात, आणि दोन तारांमधून कोंबडी सहज जाते, करडूही जाते. साखळी जाळी टिकाऊ असते. वसतिगृह किंवा अंगणवाडीच्या आवाराला ती योग्य आहे, पण महाग असते, जड असते आणि एकदा लावली की तिथलीच होते. हिरवी शेडनेट हलकी व स्वस्त असली तरी पावसाळी वाऱ्यात शिडासारखी फुगून खुंट उपटते. माशांच्या जुन्या बारीक जाळ्यात साप अडकतो, आणि तो सोडवायला लहान मुले हात घालतात. जुन्या साड्या कोंबड्यांना अडवतात, पण शेळी ढुशी मारून आत येते. बाभळीच्या व बोरीच्या काट्यांची वई फुकट होते, मात्र ती दरवर्षी नवी करावी लागते आणि अनवाणी पोरांच्या पायात काटे मोडतात.

राहिली बांबूची ताटी. कारवीचा किंवा बांबूचा कूड विणणे इथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या येते. आम्हाला नवे काही शिकवायचे नाही. घराच्या भिंतीची हीच कला सुट्या ताट्यांत उतरवायची आहे. मोडलेली कामटी घरचेच माणूस बदलू शकते, ही तिची सर्वांत मोठी जमेची बाजू.

माप आणि हिशेब

ताटी सहा फूट लांब आणि साडेचार फूट उंच करावी. त्यापेक्षा लांब केली तर एकट्या बाईला उचलता येत नाही. बारा फूट लांब-रुंद चौरस बागेचा घेर 48 फूट, म्हणजे 8 ताट्या. क्षेत्र मिळते 144 चौरस फूट. तेवढेच क्षेत्र 24 बाय 6 फुटांत घेतले तर घेर 60 फूट होतो आणि 10 ताट्या लागतात. म्हणून जागा असेल तिथे बाग चौरस आखावी.

एका ताटीला इंचभर रुंदीच्या साधारण 24 उभ्या कामट्या लागतात. दोन कामट्यांत दोन इंच फट ठेवावी. वीस फुटी मानवेल बांबूचे चार तुकडे करून प्रत्येक चौफाळला तर 16 कामट्या निघतात. आडव्या पट्ट्या धरून एका ताटीला अडीच बांबू पडतात, म्हणजे 8 ताट्यांना 20. तिरक्या आधारांना 2 आणि खुंटांना 3 बांबू धरले, की एका बागेला एकूण 25 बांबू.

बांधणी

बांबू किमान तीन वर्षांचा, पक्का घ्यावा. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेल्या बांबूला कीड कमी लागते. तोडल्यावर दोन-तीन आठवडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवावा, मग सावलीत वाळवावा. भुंगा ज्या गोडसर अंशावर जगतो तो पाण्यात निघून जातो. ही मदत आम्ही जूनऐवजी थंडीच्या तोंडाशी का मागतो, ते यावरून ध्यानात येईल.

आडव्या पट्ट्या तीन जागी जोडीने लावाव्यात, म्हणजे उभी कामटी दोन पट्ट्यांच्या चिमट्यात बसते. वरची जोडी टोकापासून अर्धा फूट खाली ठेवावी आणि कामट्यांची टोके कमी-जास्त उंचीची, निमुळती असावीत. गावठी कोंबडी आधी कुंपणाच्या कडेवर बसते आणि मग आत उतरते. बसायला सपाट जागाच नसेल तर ती सहसा उडी घेत नाही. पिल्ले शिरू नयेत म्हणून खालचा फूटभर भाग आडव्या बारीक कामट्यांनी दाट विणावा. तिरका आधार आतल्या बाजूने बांधावा, बाहेर ठेवला तर शेळीला पायरी मिळते. तारेची टोके पकडीने आत वळवावीत, म्हणजे मुलांना ओरखडे येत नाहीत.

उभारणी

सहा फुटी खुंट पहारीने भोक पाडून दीड फूट खोल रोवावेत. आठ ताट्यांना आठ खुंट पुरतात. ताटी खुंटाला वर आणि खाली सैल फाशाने बांधावी, म्हणजे सोडताना कापावे लागत नाही. बांबू जमिनीला टेकला की वाळवी लागते, म्हणून खाली चपट्या दगडांची रांग मांडून त्यावर ताटी टेकवावी. त्यामुळे कोंबड्यांना खालून उकरताही येत नाही. एका ताटीचे एका बाजूचे फासे सोडले की तेच दार होते.

भोपळ्याचे, कारल्याचे वेल ताटीवर चढवू नयेत. बाहेरून शेळी ते खाते, आणि वेल गुंतला की ताटी हलवता येत नाही. वेलांसाठी आत वेगळा मांडव करावा. कुंपणालगत आतून दोन फूट जागा मोकळी सोडावी, कारण शेळी मागच्या पायांवर उभी राहून मान आत घालते.

जागा बदलताना

एका तुकड्यातले पीक संपले की ताट्या शेजारच्या तुकड्यावर न्याव्यात आणि जुना तुकडा जनावरांना मोकळा करावा. शेळ्या उरलेला पाला खातात, कोंबड्या किडे व अळ्या वेचतात आणि दोघींचे खत तिथेच पडते. जी कोंबडी काल वाफा उकरत होती, तीच आज पुढच्या पिकाची जमीन तयार करते. पक्क्या कुंपणाने हे साधत नाही.

दोन सूचना

बांबू स्वतःच्या बांधावरचा असेल तर अडचण नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर वाढलेला बांबू कायद्याने झाड मानला जात नाही. वनातला बांबू घ्यायचा असेल तर ग्रामसभेमार्फतच जावे. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात येतो.

दुसरी सूचना जिवाची आहे. या ताटीने रानडुक्कर थांबणार नाही. पण त्यासाठी कोणी विजेच्या तारेवर आकडा टाकून कुंपणात प्रवाह सोडत असेल, तर त्याला आवर्जून अडवा. त्यात जनावराआधी माणूस मरतो.

आपला वाटा

यरुशलेमेचा कोट 52 दिवसांत पुरा झाला, असे नहेम्याच्या पुस्तकात आपण वाचतो. तिसऱ्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला. जे आपल्या दारासमोर आहे त्याची राखण माणूस मनापासून करतो. पाड्यावरही तसेच व्हावे. बांबू व हत्यारे आपण पुरवू, ताटी त्या घरची माणसे विणतील. तयार कुंपण आणून लावू नका, ही माझी देणगीदारांना नम्र विनंती आहे.

प्रार्थनेसाठी विषय: वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे आणि त्यांची मुले सुखरूप परत यावीत. मागे राहिलेल्या वृद्धांना थंडीत ताट्या विणायला बळ मिळावे. ज्या शेजाऱ्यांचे वाफ्यावरून बोलणे थांबले आहे, त्यांच्यात समेट व्हावा.

ज्यांना एका बागेचे 25 बांबू, किंवा पाचसहा घरांत मिळून वापरायला एक पहार, दोन कोयते व पकड देता येईल, त्यांनी आपल्या मंडळीच्या खजिनदारांकडे तसे कळवावे. प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.