फडावर जाणारी गोधडी

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी भागातून भरलेले ट्रक-ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेलं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. ट्रॉलीत पीठ-मीठ, भांडी, शेरडं, लेकरं आणि गोधड्यांची चळत. उसाच्या फडाजवळ कोपी, म्हणजे राहायची झोपडी, उभी राहिली की आधी गोधडी अंथरली जाते. पुढचे पाच-सहा महिने तेच अंथरूण, तेच पांघरूण आणि लेकराची झोळी टांगली नाही तर त्याची जागाही तीच.

गोधडी शिवायचं काम उन्हाळ्यातलं. सगळ्यात खाली धडसं लुगडं, त्यावर विरलेली धोतरं, फाटके सदरे, परकर, जुन्या गोधडीचा उरलेला तुकडा, आणि वरून पुन्हा एक लुगडं. कोपऱ्यांवर दगड ठेवून थर ताणायचे, कडा दुमडून आधी लांब टाके घालायचे. मग दोघी-तिघी आपापल्या कडेला बसतात आणि धावदोरा आत आत सरकत जातो, चौकोनात चौकोन. जिथं कापड विरलेलं तिथं टाके जवळ येतात, वर ठिगळ बसतं. लाल ठिगळाशेजारी हिरवं बसलं ते हाताशी होतं म्हणून, असं शिवणारी सांगेल. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. नजर असल्याशिवाय असे रंग जमत नाहीत.

अशी नजर असलेली पोर्तुगालची कलाकार जोआना वास्कोन्सेलोस असंच घरातलं सामान घेऊन जगभर पोचली. १९७१मध्ये पॅरिसला जन्मलेली ही बाई लिस्बनमध्ये काम करते. क्रोशाची वीण, कापड, दिवे, स्टीलची पातेली आणि झाकणं, प्लास्टिकचे काटे-चमचे असं काहीही तिला चालतं. पातेल्या-झाकणांची तिनं उंच टाचेची भलीमोठी चप्पल केली. पोर्तुगालातल्याच निसा गावच्या कारागिरांचं काम घेऊन कापडाचं एक अजस्र लोंबतं शिल्प केलं. २०१२मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात तिचं प्रदर्शन झालं. तिथं असा मान मिळालेली ती पहिलीच स्त्री. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनाला तिनं चक्क लिस्बनची जुनी फेरीबोट नेली, आतून कापडानं आणि दिव्यांनी मढवलेली.

पण पातेल्याची चप्पल झाली की त्यात वरण शिजत नाही. वस्तू कामातून सुटते आणि मग तिच्याकडे बघायला लोक जमतात. गोधडीचं तसं नाही. ती कामातून सुटत नाही, अगदी फाटली तरी नव्या गोधडीच्या पोटात जाते. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं, हे चांगलंच झालं. मात्र पुस्तकातल्या किंवा काचेमागं ठेवलेल्या गोधडीचं वजन कळत नाही. भिजलेली गोधडी पिळायला दोघी लागतात, हे धुणारीलाच माहीत.

आता अडचण कापडाची आहे. सुती लुगडं घाम पितं, धुऊन धुऊन मऊ होतं आणि सुईला धरून राहतं. नायलॉन-पॉलिस्टरची साडी स्वस्त, टिकाऊ, लवकर वाळणारी. नेसणारीनं ती का घेऊ नये? पण गोधडीत ती घसरते, थर सरकतात, अंगाला चिकटते. कोपीत चूल हाताच्या अंतरावर असते. ठिणगी उडाली तर सुती कापड धुमसतं, विझवायला अवसर देतं. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. म्हणून जाणत्या बायका निदान अंगाकडचा थर तरी सुती असावा म्हणून अडून बसतात. भांडीवालीला जुनी लुगडी देऊन स्टीलचा डबा घेण्याआधी त्यातली दोन बाजूला काढतात. तालुक्याच्या गावात मशीनवर शिवलेली गोधडी तयार मिळते, एका दिवसात होते आणि दिसतेही नीटनेटकी. सुती कापड मात्र शिवणाऱ्यालाही शोधावंच लागतं, कारण लुगडं नेसणाऱ्या म्हाताऱ्या गावोगाव कमी होत चालल्यात.