प्रशिक्षण द्या, पण आधी परवाने तपासा

बंदूक घेणाऱ्याला ती हाताळण्याचे प्रशिक्षण सक्तीचे असावे का, यावर वाद झडतो. आपल्याकडे 2016 च्या शस्त्र नियमांनीच परवाना मागणाऱ्याला सुरक्षा प्रशिक्षण बंधनकारक केले. बंदूक कशी धरावी, घरात कशी ठेवावी, हे शिकलेच पाहिजे. पण ती कुणावर रोखू नये, हे कोणत्या वर्गात शिकवणार?

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात 2013 साली सोनईत तीन मेहतर तरुणांची हत्या झाली. 2014 साली खर्ड्यात दलित शाळकरी मुलाला मारून झाडाला टांगले. बंदूक लागलीच नाही, जातीची मस्ती पुरली! खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि 2017 साली आरोपी सुटले. जिथे हात रिकामे असूनही साक्षीदाराची जीभ टाळ्याला चिकटते, तिथे धनदांडग्याच्या भिंतीवर परवान्याची बंदूक टांगलेली असेल तर काय होईल?

अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995 च्या नियमांत यावर उपाय आहे. अत्याचारप्रवण भागात बिगर दलित-आदिवासींचे परवाने रद्द करून शस्त्रे सरकारजमा करावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, गरज असल्यास दलित-आदिवासींना परवाने द्यावेत, असे तिसरा नियम सांगतो. (1941 साली महार बटालियन उभी राहिली. बंदूक आमच्या हाताला नवी नाही.)

किती परवाने रद्द केले, किती दिले? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी. तिथे कार्यकर्त्यांनी हे आकडे लेखी मागावेत. दलित अर्जदाराच्या प्रशिक्षणाचा खर्च शासनाने उचलावा, हीही मागणी तिथेच नोंदवावी. नाहीतर प्रमाणपत्र नाही म्हणून पहिला अर्ज शेतमजुराचाच फेटाळला जाईल.