पान काय सांगतं

दिवाळी उलटली, पावसाळी ओल पूर्ण गेली, की घाटकोपर ते मुलुंड एलबीएस रोडच्या कडेला उभ्या असलेल्या आंब्याचं एखादं जुनं पान हातात घेऊन पाहावं. वरची बाजू करडी झालेली असते. बोटाने रेघ ओढली की खालचा हिरवा रंग उघडा पडतो, पण मधल्या शिरेच्या खाचेत सिमेंटसारखी भुकटी तशीच चिकटून राहते. जूनपर्यंत ती धुतली जाणार नसते. अशा झाडाकडे आपण हवा शुद्ध करणारं यंत्र म्हणून पाहतो आणि प्रदूषण वाढलं की ‘आणखी झाडं लावा’ म्हणून मोकळे होतो. वास्तविक या हवेचा पहिला रुग्ण झाडच आहे. त्याची दुखणी वाचायला शिकलो, तर आपल्या श्वासात काय जातंय याचा बराच उलगडा होईल.

पानाच्या, मुख्यतः खालच्या, बाजूला हजारो सूक्ष्म पर्णरंध्रं असतात. कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी ती उघडावीच लागतात, आणि त्याच दारातून सल्फर डायऑक्साइडही शिरतो. आतल्या ओलाव्यात विरघळून त्याचं सल्फाइट होतं. प्रमाण थोडं असेल तर वनस्पती त्याचं सल्फेट करून पचवते; गंधक हे तिचं पोषणद्रव्यच आहे. प्रमाण वाढलं की हरितद्रव्य मोडतं, शिरा हिरव्या राहतात आणि त्यांच्यामधला भाग पांढुरका पडून वाळतो. फ्लोराइडची खूण वेगळी, त्याने पानाचं टोक आणि कडा करपतात. ओझोनमुळे वरच्या बाजूला बारीक ठिपके उठतात. धूळ प्रकाश अडवते, पान तापवते, रंध्रांत अडकते. सिमेंटची असेल तर दवाने भिजून तिचा थरच धरतो. ही लिपी जुनी आहे. पॅरिसच्या लक्झेम्बर्ग बागेतल्या शैवाकांवरून वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्येच शहराची हवा ओळखली होती. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे शैवाकच. दूषित हवेत त्यातल्या बऱ्याच जाती टिकत नाहीत.

मुंबईत ही लिपी पूर्व उपनगरांनी लवकरच पाहिली. १९५४-५५ मध्ये तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, पाठोपाठ वीजकेंद्र, मग खताचा कारखाना, आणि शेजारच्या चेंबूरला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले वनस्पतिशास्त्रज्ञ एस. बी. चाफेकर यांनी मुंबईतल्या वनस्पतींवर होणारे प्रदूषणाचे परिणाम अभ्यासले, त्याला आता पन्नासएक वर्षं झाली. तेव्हाचा मुख्य शत्रू वायू होता. पुढे इंधनातलं गंधक कमी झालं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा इंधनात तर ते दहा लाख भागांत दहाच भाग असतं. हा सुधार खरा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. पण वायू उतरला आणि धूळ चढली. जुन्या इमारतींची पाडापाडी, तयार काँक्रीट बनवणारे आरएमसी प्लांट, उघड्या डंपरमधून जाणारा राडारोडा हे आजच्या उपनगरांचे खरे कारखाने आहेत. बांधकामांभोवती उंच पत्रे, पाण्याची फवारणी, झाकून वाहतूक अशा सूचना महापालिकेला ऑक्टोबर २०२३ मध्ये काढाव्या लागल्या त्या यासाठीच. राष्ट्रीय मानकांचं एक कलम इथे आठवावंसं वाटतं. २००९ च्या मानकांत सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे, पण अधिसूचित संवेदनशील परिसरात ती २० आहे. आपल्याला चालेल म्हटलेली हवा रानाला चालत नाही, हे कायद्यानेच मान्य केलंय. धुळीसाठी (पीएम-१०) मात्र दोन्हीकडे मर्यादा एकच, ६०.

झाडं धूळ अडवतात, मग ती लावायला हरकत काय, असं कुणी विचारेल. हरकत मुळीच नाही. पण पानावर अडलेली धूळ संपत नाही, वाऱ्याने पुन्हा उडते; आणि अरुंद रस्त्यावर दाट फांद्यांचं छत वाहनांचा धूर खालीच कोंडूही शकतं. शिवाय हरितपट्ट्यासाठी आपण सोशीक जाती निवडतो. त्यामुळे तक्रार करणारी झाडं गळतात, सोसणारी उरतात आणि पट्टा हिरवागार दिसतो. त्या हिरवेपणावरून हवा चांगली आहे असं ठरवणं ही फसगत आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उपनगरातली झाडं बुंध्याशी ओतलेल्या काँक्रीटने मरतात, रेन ट्री पिठ्या ढेकणांनी वाळले, मग दोष हवेलाच का द्यायचा? रस्त्यावरच्या एकेका झाडाकडे पाहून हे ठरवता येत नाही, हे खरंच आहे. त्यासाठीच कुंड्यांची पद्धत आहे. एकाच रोपवाटिकेतली, एकाच वयाची करंजाची रोपं घ्यायची; माती तीच, पाणी तेवढंच. काही कुंड्या अंधेरीच्या मरोळ एमआयडीसीत, काही घाटकोपरला, काही मुलुंड चेकनाक्यापाशी आणि काही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आतवर ठेवायच्या. ऊन सगळ्यांना सारखं मिळेल एवढं पाहायचं, म्हणजे मुख्य फरक उरतो तो हवेचा. ऑक्टोबरात ठेवलेल्या रोपांची पानं किती, केवढी, त्यांत हरितद्रव्य किती, हे मोजणं कुठल्याही महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला परवडेल. फक्त ते मे महिन्यातच उरकायला हवं, पहिल्या सरीने पानं धुऊन निघण्याआधी.