जर्मन उदारमतवादी आणि वसाहतींचं स्वप्न

जर्मन साम्राज्यवाद म्हटलं की बिस्मार्क आणि कैसर दुसरा विल्हेल्म ही दोनच नावं पुढे येतात. संसद, राज्यघटना आणि नागरी हक्क मागणारे उदारमतवादी मात्र सहीसलामत सुटतात. हा निवाडा तपासून पाहिला पाहिजे.

गैरसमज : समुद्रापारच्या विस्ताराची कल्पना १८८४ मध्ये बिस्मार्कने आणली.
वस्तुस्थिती : ती बरीच जुनी आहे. अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्ट १८४०च्या दशकातच आरमार आणि वसाहती यांचा आग्रह धरत होता. जून १८४८ मध्ये, एकसंध जर्मनीची राज्यघटना घडवायला जमलेल्या फ्रँकफर्टच्या राष्ट्रीय सभेने आरमारासाठी ६० लाख थालर मंजूर केले. डेन्मार्कने केलेली नाकेबंदी हे तातडीचं कारण होतं. पण एकसंध जर्मनीने सागरी सत्ता व्हावं, ही आकांक्षाही त्यामागे होती.

गैरसमज : स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारा दुसऱ्यांवरच्या सत्तेला विरोध करणारच.
वस्तुस्थिती : त्याच सभेत पोझेन प्रांतातल्या पोलिश लोकांचा प्रश्न आला, तेव्हा लोकशाहीवादी विल्हेल्म योर्डान यानेच ‘निरोगी राष्ट्रीय स्वार्था’ची बाजू मांडली आणि बहुमत जर्मन दाव्याकडे झुकलं. १८८२ मध्ये फ्रँकफर्टमध्ये वसाहत संघ स्थापन झाला, त्यात राष्ट्रीय उदारमतवादी योहानेस मिकेल पुढे होता. १८९५ मध्ये फ्रायबुर्गच्या व्याख्यानात समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने बजावलं की, जर्मनीच्या एकीकरणातून जागतिक सत्ता व्हायचं नसेल, तर ते न केलेलंच बरं होतं.

गैरसमज : म्हणजे सगळेच उदारमतवादी साम्राज्यवादी होते.
वस्तुस्थिती : तसंही नाही. सामोआ बेटांवर व्यापार करणाऱ्या कंपनीला सरकारी हमी देण्याचं बिस्मार्कचं विधेयक १८८० मध्ये राइशस्टागने, म्हणजे जर्मन संसदेने, फेटाळलं. विरोधाचं नेतृत्व लुडविग बांबेर्गर या खंद्या उदारमतवाद्याने केलं. उदारमतवादी पुढारी ऑयगेन रिश्टरही वर्षानुवर्षं वसाहतींवरच्या खर्चावर तुटून पडत राहिला. मात्र या विरोधाचा मुख्य आधार मुक्त व्यापार आणि करदात्याचा पैसा हा होता. आफ्रिकी माणसाचा स्वातंत्र्याचा हक्क त्यात क्वचितच डोकावतो.

गैरसमज : वाढत्या लोकसंख्येसाठी जर्मनीला वसाहती हव्याच होत्या.
वस्तुस्थिती : १८८०च्या दशकात तेरा लाखांहून अधिक जर्मनांनी देश सोडला, तो प्रामुख्याने अमेरिकेसाठी. १९१४ पर्यंत साऱ्या वसाहतींत मिळून जर्मन होते पंचवीस हजारांच्या आसपास. गरजेपेक्षा राष्ट्रीय प्रतिष्ठेची ओढ मोठी होती.

गैरसमज : जर्मन राजवट तीसेक वर्षांचीच, म्हणून ती सौम्य होती.
वस्तुस्थिती : १९०४ मध्ये नैऋत्य आफ्रिका या वसाहतीतल्या युद्धात जर्मन जनरल फॉन ट्रोथाने हेरेरोंच्या संहाराचा आदेश काढला. हेरेरो आणि नामा समाजांतले हजारो लोक गोळ्यांनी, वाळवंटात तहानेने आणि छळछावण्यांत मारले गेले. या युद्धाचा वाढीव खर्च संसदेने नाकारताच ती बरखास्त झाली. १९०७च्या निवडणुकीत रिश्टरच्या परंपरेतले डावे उदारमतवादीही सरकारच्या बाजूने उभे राहिले. युद्धखर्चाला विरोध करणाऱ्या समाजवाद्यांच्या जागा ८१ वरून ४३ वर आल्या. या संहाराला वंशसंहार म्हणून जर्मन सरकारने मान्यता दिली, ती २०२१ मध्ये.

उदारमतवादाने जर्मनांना नागरिक होण्याची भाषा दिली, हे त्याचं मोठं देणं आहे. पण हक्क माणसाचे न राहता एका राष्ट्राचे झाले, की तीच भाषा दुसऱ्याची भूमी हिरावून घेण्याचं समर्थन करू लागते. म्हणून कोणत्याही स्वातंत्र्यवादी चळवळीला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : हे स्वातंत्र्य नेमकं कोणाकोणासाठी?