एका डोंगराची अनेक नावे

आपल्या गावच्या डोंगराला नाव असते. ते कसे पडले, हे आपण सहसा विचारीत नाही. आज आपण केरळातल्या एका डोंगराची हकिकत वाचू.

कण्णूर शहराच्या उत्तरेला, अगदी समुद्राला लागून, एळिमला नावाचा डोंगर आहे. मलयाळी भाषेत 'मला' म्हणजे डोंगर. 'मला भाकर दे' यातले ते 'मला' नव्हे, बरं का! त्याची उंची सुमारे २८६ मीटर. साठ फुटी माड एकावर एक असे पंधरा उभे केले, तर साधारण तेवढी होईल. सह्याद्रीपुढे ही उंची काहीच नाही. पण भोवती सखल किनारा, म्हणून डोंगर दुरून दिसतो. जुन्या काळी दर्यावर्दी त्यावरून किनारा ओळखीत. १४९८ साली वास्को-द-गामाला आपल्या देशाचा हाच डोंगर प्रथम दिसला, असे बरेच जण मानतात. २००९ साली तिथे नौदलाची प्रबोधिनी सुरू झाली. नौदलाचे अधिकारी तिथे शिकून तयार होतात.

आता नावाचे पहा. 'एळु' म्हणजे सात. म्हणून कोणी म्हणतात, हा सात डोंगरांचा. 'एलि' म्हणजे उंदीर. म्हणून कोणी म्हणतात, हा उंदराचा डोंगर. इथल्या जुन्या राजघराण्याला संस्कृतात 'मूषक' म्हणत. मूषक म्हणजेही उंदीरच!

पुढे पोर्तुगीज आले. त्यांच्या भाषेत 'द' म्हणजे 'चा'. ते म्हणू लागले, 'मोंते द एलि', म्हणजे एलिचा डोंगर. बोलता बोलता 'द' नि 'एलि' जुळून 'देलि' झाले. मग इंग्रज आले. त्यांनी नकाशावर लिहिले 'माउंट डेली'. दिल्ली शहराशी या नावाचा काहीएक संबंध नाही. परक्याच्या कानाला जसे ऐकू आले, तसे कागदावर चढले. पण तिथल्या लोकांनी आपले नाव सोडले नाही. ते एळिमलाच म्हणत राहिले. म्हणून आज ते नाव टिकून आहे.

आपल्याकडेही प्रत्येक टेकाडाला, खिंडीला, पाणवठ्याला नाव असते. ते पुष्कळदा म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक असते. माणूस गेले, की नावही जाते. आता आपल्याला लिहिता येते. तेव्हा जाणत्यांपाशी बसा, नावे विचारा, नि ती वहीत उतरवून ठेवा. आपल्या गावाची नावे आपल्याच हातांनी लिहिलेली बरी.